मागून पाहायची गाडी

(दृश्य: श्टुटगार्ट, मर्सिडीज-बेंझ संग्रहालय. लिफ्ट वर सरकते.)

सोमवारी दार बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. लिफ्ट थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर नेते. तिथून उताराच्या वाटेने 1886 पासून आजच्या काळाकडे खाली यायचं. बरीच मंडळी शर्यतीच्या चंदेरी गाड्यांकडे पळतात आणि वरची तीनचाकी, म्हणजे कार्ल बेंझ यांची 1886 ची पहिली मोटारगाडी, नुसती फोटोपुरती पाहतात. अर्धा तास द्यायचा तो हिला.

(दृश्य: फ्लायव्हील, अगदी जवळून.)

मूळ गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, पण रचना इथेही नीट कळते. फक्त मागच्या बाजूला जा. आडवा एकच सिलिंडर, 954 सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवर. खाली हे भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती सलग ठेवणारं जड चाक, तेही आडवं. उभं बसवलं तर त्याच्या फिरण्याने गाडी वळवणं जड जाईल, ही कार्ल बेंझ यांची धास्ती. इंजिन चालू करायचं तेही हेच चाक हाताने फिरवून. पुढे पट्टा, आडवा शाफ्ट, त्यातच डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा), आणि दोन साखळ्या मागच्या चाकांना. रेडिएटर नाहीच. पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत सारखं भरावं लागे.

(दृश्य: ब्रेक, साखळी.)

ऑगस्ट 1888. कार्ल यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या, सुमारे 100 किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले, त्यांवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. लिग्रोइन, म्हणजे गाडीचं पेट्रोलसारखं इंधन, मिळालं वीसलोखच्या औषधाच्या दुकानात. चढावर मुलांनी ढकललं. पुढे चढासाठी वेगळा गिअर आला.

(दृश्य: पीथमपूर, टेम्पो ट्रॅव्हलरची रांग.)

या घराण्याची एक शाखा आपल्या इंदूरला लागून आहे. ट्रॅव्हलर बेतली मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून. बजाज टेम्पोने (ट्रॅव्हलर बनवणारी, आजची फोर्स मोटर्स) परवाना घेऊन बनवलेलं ओएम 616 इंजिनही मर्सिडीजचंच, 2.4 लिटर, चार सिलिंडर. पीथमपूरच्या कारखान्यांत इंदूरचे मराठी फिटर-टर्नरही घडले. त्यांच्या मुलांना हे इंजिन आतून दिसलं पाहिजे. असं एखादं भंगारात जाण्याआधी उभं चिरून इंदुरात मांडावं: प्रीचेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी पोकळी), ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना ती तापवणारी कांडी), टायमिंगची साखळी (झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी), सगळं उघडं. आणि शेजारी हाताने फिरवायला एक चाक, म्हणजे पिस्टन वरखाली होताना पोरांना स्वतः पाहता येईल.