नाक त्याचं, नदी माझी

(धुक्यातली नदी. काठावर एक कुत्रा, नाक वर करून उभा.)

सकाळचे सहा वाजलेत, अजून ऊन खाली उतरलेलं नाहीये, आणि बंड्या थांबलाय. गेली दोन मिनिटं तसाच उभा आहे, नाकपुड्या तेवढ्या हलतायत. मी त्याला ओढत नाही. पूर्वी ओढायचो, म्हणजे आपल्याला डोक्यात असतं ना की दहाच्या आत अमुक इतकं अंतर कापायचं, आणि हा मात्र दर झुडपापाशी थांबणार, मग दोघांचाही मूड जायचा.

आता थांबतो, कारण तो काय करतोय ते मला कळलंय. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होते, जड होते आणि दरीतून नदीच्या दिशेनंच खाली वाहत येते, म्हणजे पाणी जिकडून येतंय तिकडूनच वारा पण येतोय. आपण अजून न पाहिलेल्या पुढच्या वळणावर रात्रभर कोण आलं, कोण पाणी पिऊन गेलं, ती सगळी बातमी त्याच्या नाकाशी येऊन पोचलेली असते. ऊन चढलं की उतार तापतात आणि वारा उलटा, खालून वर वाहायला लागतो, मग तोच कुत्रा मागे वळून वळून वास घेताना दिसेल. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, आणि कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत. शिवाय त्याच्या नाकपुडीला बाजूला एक फट असते, सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो, त्यामुळे समोरून येणारा ताजा वास त्या श्वासानं विस्कटत नाही. हे कळल्यावर त्याला 'चल चल' म्हणणं मला जड जायला लागलं.

तर आमच्यात वाटणी अशी आहे. वास, पायवाट, स्पीड हे सगळं तो ठरवतो. पण पाण्यात कुठे उतरायचं, उतरायचं की नाही, ते मी ठरवतो, कारण तो नाकानं कितीही हुशार असला तरी वाहतं पाणी त्याला वाचता येत नाही.

(नदीचं वळण. एका बाजूला उभा कापलेला काठ, दुसऱ्या बाजूला वाळू आणि गोटे.)

हे वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आपटतं, काठ आतून पोखरतं आणि तिथेच खोली सगळ्यात जास्त असते. आतल्या बाजूला पाणी मंद होतं, सोबत आणलेली वाळू-गोटे तिथे टाकतं, म्हणून तिथे उथळ उतार तयार होतो. माणसाला हे एकदा सांगितलं की समजतं. कुत्र्याला मात्र दोन्ही काठ म्हणजे पाणीच.

बंड्या दीड वर्षाचा असताना अशाच एका वळणावर बाहेरच्या काठावरून एका वाहत्या काटकीमागे उडी मारून गेला. मी पट्टा सोडला होता, चूक माझीच. पाणी वरून शांत दिसत होतं. तो वळून काठाकडे आला, पुढचे पाय मातीवर टेकवले, पण काठ उभा होता आणि खालून पोकळ, पकडायला काहीच नाही, माती सुटून पाण्यात पडली आणि तो पुन्हा मागे ओढला गेला, असं तीन वेळा झालं. मी बूट न काढता आत उडी मारणारच होतो. मारली नाही, आणि तेच बरोबर होतं, कारण कुत्र्यामागे पाण्यात उतरलेली माणसं बुडतात आणि कुत्रा पुढे कुठेतरी आपला आपण बाहेर येतो, असं खरंच घडलेलं आहे. अशा वेळी करायचं एवढंच, की काठाकाठानं खालच्या दिशेला पळायचं, त्याच्या पुढे जायचं, आणि जिथे उतार सोपा आहे तिथे उभं राहून त्याला हाका मारायच्या. मी तेच केलं. पुढच्या वळणावर वाळू होती, तो तिथे लागला, आणि बाहेर आल्यावर थरथरत माझ्या पायावर बसला.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही होत, चौपट होतो. गुडघ्याएवढं पाणी आपल्याला किरकोळ वाटतं, पण मध्यम उंचीच्या कुत्र्याच्या ते छातीला लागतं आणि पाय उचलले जातात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे प्रवाहात आडवं पडलेलं झाड, फांद्यांमधून पाणी निघून जातं आणि अंग अडकतं. म्हणून खोल पाणी असेल तर बंड्याला लाईफ जॅकेट, पाठीवर पकडायला हँडल असलेलं, आणि पोहताना गळ्यात लोंबता पट्टा अजिबात नाही, तो मुळांत गुंतू शकतो. वरच्या बाजूला धरण असेल तर इथे पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं, तेव्हा पात्रात मधोमध गोट्यांवर जेवायला बसायचं नाही.

आता दुसरं पाणी, न वाहणारं. मला स्वतःला प्रवाहापेक्षा याचीच भीती जास्त वाटते.

(काठाजवळचं साचलेलं डबकं, वर हिरवा तवंग.)

उन्हाळ्यात पाणी कमी होतं, कोपऱ्यात साचतं, तापतं आणि त्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर येतो. हे आपलं साधं शेवाळ नसू शकतं, हे सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असू शकतात आणि त्यातल्या काहींचं विष यकृतावर जातं, काहींचं मज्जासंस्थेवर. ही गोष्ट नवी नाहीये, १८७८ साली ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाजवळच्या अलेक्झांड्रिना सरोवराचं असं पाणी पिऊन गुरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापली होती. नदीत याचा अजून एक प्रकार असतो, तळाच्या दगडांवर काळपट तपकिरी चामड्यासारखा थर धरतो, सुटून काठाला लागतो, त्याला एक कुबट वास येतो आणि कुत्र्यांना तो वास आवडतो, ते चक्क खातात. पाणी प्यायलाच पाहिजे असंही नाही, अंगाला लागलेलं चाटलं तरी पोटात जातं. लाळ गळणं, उलट्या, झोकांड्या, झटके, काही वेळा हे मिनिटांत सुरू होतं आणि यावर उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही. शंका आली की स्वच्छ पाण्यानं धुवायचं, चाटू द्यायचं नाही आणि थेट डॉक्टर गाठायचा, 'बघू संध्याकाळपर्यंत' नाही.

आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू असतात, उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून आलेले, ते पायावरच्या जखमेतून पण आत शिरतात आणि माणसालाही होतात. त्याची लस आहे, सुरुवातीला दोन डोस आणि मग दरवर्षी. मी प्यायचं पाणी पाठीवर घेऊन फिरतो, त्याचं आणि माझं, आणि दर अर्ध्या तासाला, ऊन असेल तर त्याआधीच, त्याच्यासमोर वाटी धरतो. पिताना बघा कधीतरी स्लो मोशनमध्ये, जीभ मागच्या बाजूला वळते, पाण्यावर आपटून झटकन वर जाते, तिच्यामागे पाण्याचा एक खांब उभा राहतो आणि तो खांब कोसळायच्या आत हा त्याला चावतो. अर्धं पाणी बाहेर सांडतं, सांडू दे.

नदीकाठी गार वाटतं म्हणून आपण फसतो. कुत्र्याला घाम फक्त तळव्यांना येतो, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, आणि हवा दमट असेल तर जिभेवरचं पाणी लवकर उडत नाही, म्हणजे गारवाही कमी मिळतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, ४१ च्या वर गेलं की उष्माघात. बसक्या नाकाच्या जातींना तर भर उन्हात नेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी गोटे तापतात, हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही ते सहन होणार नाही.

(गोट्यांमध्ये नीट पाहिल्यावर दिसणारी ठिपक्यांची अंडी.)

आणि हे. दिसलं का? नाही दिसलं तर पुन्हा बघा. चिखल्या नावाचा छोटा पक्षी उघड्या गोट्यांमध्ये अंडी घालतो, घरटं असं नाहीच, अंडी गोट्यांसारखीच. आपण जवळ गेलो की पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत दूर जायला लागतो, शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायला. मोकळा कुत्रा त्याच्यामागे धावणारच, मग इकडे अंडी उन्हात तापत राहतात किंवा पायाखाली येतात. म्हणून विणीच्या दिवसांत अशा काठावर बंड्या पट्ट्यात, आणि यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

चार वाजलेत. दिवसभरात बारा किलोमीटर झाले, त्यातले किती तो हुंगत उभा होता काय माहीत. कान उलटे करून, बोटांच्या मधे, काखेत गोचीड बघून झाली, एक निघाली, चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढली.

समोर वळणाची आतली बाजू आहे. वाळू, उथळ पाणी, तळ दिसतोय. बंड्या पाण्याच्या कडेला जाऊन थांबलाय आणि मागे वळून माझ्याकडे बघतोय. मी वर बघतो, मग खाली, पुढचे पन्नास-साठ पावलं, आडवं झाड नाही, काठ सपाट, आत गेला तर बाहेर कुठून येईल ती जागा मला सापडलीये.

जा.