दोन शिखरं आणि एक अक्षर

(दृश्य: एमआरआय यंत्रात सरकत जाणारा पलंग)

यकृतातली चरबी मोजायचीय. सुई नाही, यकृताचा तुकडा काढणं नाही. नुसतं पडून राहायचं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावरचा आलेख)

हे उंच शिखर पाण्याचं. शेजारचं बुटकं, ते चरबीचं. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकाला किंचित वेगळं उत्तर देतात. तेवढ्या फरकावरून यकृतात किती टक्के चरबी साठलीय ते कळतं. साधारण साडेपाच टक्क्यांच्या वर गेली, की फॅटी लिव्हर.

अमेरिकेतल्या डॅलसमध्ये दोन हजारांहून जास्त लोक असे मोजले गेले. जवळपास दर तिसऱ्या माणसाचं यकृत चरबीचं निघालं. त्यातल्या बहुतेकांचं रक्तातलं एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं विकर, नॉर्मल! आपल्याकडे अशा माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘घेता का?’ दुसरा, ‘तेलकट किती खाता?’

(दृश्य: रक्ताच्या नळ्या, फिरणारं सेंट्रिफ्यूज)

डॅलसमधले संशोधक हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं प्रश्न या नळ्यांना विचारला. नऊ हजारांवर जनुकीय बदल तपासले. २००८ साली एक ठळकपणे वर आला, बाविसाव्या गुणसूत्रावरच्या पीएनपीएलए३ या जनुकातला. डीएनएचं एकच अक्षर, ‘सी’च्या जागी ‘जी’. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातली १४८वी कडी, म्हणजे अमिनो आम्ल, बदलते. हे बदललेलं प्रथिन मोडलं जात नाही, चरबीच्या थेंबांवर साचतं आणि थेंब विरघळवणाऱ्या यंत्रणेला अडवून धरतं. आईवडील दोघांकडून हा बदल आला असेल, तर यकृतातली चरबी सरासरी दुपटीहून जास्त. हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) लोकांत हा बदल सर्वाधिक आढळला, आफ्रिकी अमेरिकनांत सर्वांत कमी. यकृतातल्या चरबीचा क्रमही तोच.

गंमत म्हणजे, डॅलसच्या त्या लोकांत या बदलाचा इन्सुलिनशी किंवा मधुमेहाशी संबंध दिसला नाही. टीएम६एसएफ२ हे दुसरं जनुक तर आणखी चक्रावणारं. त्यातल्या बदलानं चरबी यकृतातून रक्तात नीट सुटतच नाही. यकृत भरतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र उतरतं. म्हणजे फॅटी लिव्हरवाले सगळे एकाच जातीचे रुग्ण नव्हेत, आणि सगळ्यांना एकच प्रवचन पुरणार नाही.

वजन वाढलं की पीएनपीएलए३चा जोर वाढतो, हेही खरं. पुढे सूज, सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं), काहींना यकृताचा कर्करोग.

(दृश्य: उणे तापमानाचा फ्रीझर, नमुन्यांच्या पेट्या)

२०१८ मध्ये अशाच साठवलेल्या नमुन्यांतून उलटी गोष्ट सापडली. एचएसडी१७बी१३ हे जनुक ज्यांच्यात निकामी आहे, त्यांच्या यकृताला जुनाट आजाराचा धोका कमी. ते मुद्दाम बंद करणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.