मसाई मारात लॉज बुक करताय? आधी विचारा, जमीन कुणाची

नमस्कार मंडळी. केनियात मसाई मारासाठी लॉज शोधायला बसलात की पाच मिनिटांत डोकं गरगरायला लागतं. एकीकडे रात्रीचे शंभर डॉलर, दुसरीकडे हजार. फोटो बघावेत तर दोन्हीकडे तोच तंबू, तीच पांढरी मच्छरदाणी, तोच सूर्यास्त. मग एवढे पैसे जातात कुठे? थोडे चैनीत जातात, मान्य. पण बराचसा फरक पडतो तो तंबू कुणाच्या जमिनीवर ठोकलाय यामुळे, आणि ही गोष्ट एजंट आपणहून क्वचितच सांगतो.

(स्क्रीनवर नकाशा)

हा मधला भाग मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह, म्हणजे सरकारी अभयारण्य. साधारण 1,510 चौरस किलोमीटर, नारोक काउंटीच्या अखत्यारीत. खाली टांझानियाची हद्द, पलीकडे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान. आणि उत्तरेला-पूर्वेला लागून हे जे तुकडे दिसतायत, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी, नाबोइशो, या कॉन्झर्व्हन्सी. ही जमीन मसाई या स्थानिक पशुपालक जमातीतल्या कुटुंबांच्या नावावर आहे. लॉजवाले ती भाड्यानं घेतात आणि एकरामागे ठरलेली रक्कम दर महिन्याला त्या कुटुंबांना देतात, पर्यटक येवोत न येवोत. मधे कुंपण नाही, त्यामुळे सिंह इकडून तिकडे खुशाल जातात. बदलतात ते माणसांचे नियम.

रिझर्व्हमध्ये गाडी रस्ता सोडून जाऊ शकत नाही, अंधार पडायच्या आत परतावं लागतं. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असा नियम आहे, पण ऑगस्टमध्ये चित्ता दिसला की तो नियम कुठे जातो ते बघायला मिळतं. एक गाडी थांबली की वायरलेसवर बातमी जाते आणि बघता बघता जत्रा. कॉन्झर्व्हन्सीत फक्त तिथं राहणाऱ्यांच्याच गाड्या. ओलारे मोतोरोगीत तर 700 एकरांमागे एकच तंबू असा हिशोब ठरलेला आहे. तिथं रात्रीची सफारी होते, गाईडबरोबर पायी फिरता येतं, बिबट्या झुडपात शिरला तर गाडी थोडी आत घेता येते. अधूनमधून मसाई लोकांची गुरंही चरताना दिसतील. त्यावर तक्रार करणारे पाहुणे असतात. अहो, जमीन त्यांचीच आहे!

तिसरा प्रकार गेटबाहेरचा, तालेक आणि सेकेनानीच्या आसपास. नावात 'मारा' असतं, पण आपण असतो रिझर्व्हच्या बाहेर. आपल्याकडे ताडोब्याला मोहर्लीच्या बाहेर रिसॉर्टमध्ये राहून सकाळी गेटवर जातो, साधारण तसंच. बजेट कमी असेल तर बिनधास्त इथं राहा, फक्त प्रवेश फीचं गणित आधी मांडा. 2024 पासून परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याचेच. स्वस्त लॉजची जाहिरात बघताना ही फी त्यात धरलीय का, हे लेखी विचारून घ्या. कॉन्झर्व्हन्सीत राहून एक दिवस मारा नदीवर विल्डबीस्ट (कळपानं फिरणारे, गुरांसारखे दिसणारे मोठे हरणवर्गीय प्राणी) बघायला रिझर्व्हमध्ये गेलात, तर त्या दिवसाची फी वेगळी.

नदीचं म्हणाल तर दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट सेरेंगेटीतून येतात, साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, हे खरं. पण ते नदी कधी ओलांडणार याचं वेळापत्रक नसतं. काठावर येतात, धूळ उडवतात, पुढचा एक जण बिचकतो आणि अख्खा कळप मागे फिरतो. 'क्रॉसिंगची गॅरंटी' देणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

आता प्रत्यक्ष राहणं. बहुतेक कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. जेवायला जायचं तर टॉर्च दाखवायची, की अस्कारी, म्हणजे रखवालदार, घ्यायला येतो. खांद्यावर लाल शुका, हातात भाला. नदीकाठच्या कॅम्पात पाणघोडे रात्री चरायला वर येतात. तंबूच्या कापडापलीकडे गवत उपटल्याचा खरर्र-खरर्र आवाज येतो आणि झोप उडते. तिला उडू द्या, पण चेन उघडून डोकावू नका. दिवसा उलटा त्रास, माकडांचा. चेन अर्धवट राहिली तर बिस्किटं गेलीच समजा.

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीत लोक बर्म्युडा घेऊन येतात आणि पहाटे उघड्या गाडीत कुडकुडतात. कानटोपी घ्या, कुणी हसणार नाही. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जाणार असाल तर सामान 15 किलोच, हातातल्या पिशवीसकट, आणि मऊ बॅगेत. चाकांची टणक पेटी नैरोबीतल्या हॉटेलात ठेवून जा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात भरा.

शाकाहारींनी घाबरू नये. इंग्रजांनी तिथं रेल्वे बांधली त्या काळापासून गुजराती-पंजाबी वस्ती आहे, चपाती हा केनियाचाच पदार्थ झालाय. फक्त ती आपली पोळी नव्हे हं. मैद्याची, पदरांची, तेलात भाजलेली असते. सुकुमा विकी नावाच्या पालेभाजीबरोबर झकास लागते. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, कारण आचाऱ्याचं सामान लांबून येतं.

शेवटचं, आणि हे अजिबात टाळू नका. पीतज्वराची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची आणि पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, पासपोर्टमध्येच ठेवायचं. ते नसेल तर भारतात परत आल्यावर विमानतळावरूनच थेट विलगीकरणात पाठवतात, सहा दिवसांपर्यंत. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सुट्टीच्या हंगामात तारीख लवकर मिळत नाही. त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की लगेच लसीची तारीख घ्या, लॉज शोधत बसायला नंतर वेळ आहे.