स्टुलावर उभे राहिलेले थॉमस

श्रोतेहो, नमस्कार.

२९ नोव्हेंबर १९४४. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातलं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. ऑपरेशनच्या टेबलावर पंधरा महिन्यांची एक मुलगी आहे. वजन जेमतेम चार किलो. ओठ निळे, नखं निळी, कारण हृदयातल्या जन्मजात दोषामुळे रक्त फुफ्फुसांपर्यंत पुरेसं पोचतच नाही. सर्जन आहेत आल्फ्रेड ब्लेलॉक. त्यांच्या उजव्या खांद्यामागे, एका स्टुलावर, एक कृष्णवर्णीय गृहस्थ उभे आहेत. टाका घालता घालता ब्लेलॉक त्यांना विचारतात, आणि ते हलक्या आवाजात सांगतात, टाका बरोबर बसतोय की उलटा चाललाय.

त्यांचं नाव व्हिव्हियन थॉमस. ते डॉक्टर नव्हते. नॅशव्हिलच्या एका सुताराचा हा मुलगा, वडिलांच्या हाताखाली रंधा मारत वाढलेला. डॉक्टर व्हायचं म्हणून त्यांनी पै पै साठवली होती, पण मंदीच्या लाटेत बँक बुडाली आणि शिल्लकही गेली. १९३० साली ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचं, पण कागदोपत्री हुद्दा सफाई कामगाराचा, आणि पगारही तेवढाच.

पुढे बाल्टिमोरला आल्यावर थॉमस यांनी कुत्र्यांवर कितीतरी शस्त्रक्रिया केल्या. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी वळवून फुफ्फुसाच्या वाहिनीला जोडायची, अशी ती युक्ती. एवढ्या बारीक वाहिन्या शिवायला सुया नव्हत्या, तेव्हा असलेल्याच सुया तोडून, घासून, टोक काढून त्यांनी त्या आखूड केल्या. सुतारकामातला हात तिथे उपयोगी पडला, असं मला फार वाटतं. ब्लेलॉक यांनी मात्र ही जोडणी तोवर एकदाच केली होती, तीही थॉमस यांना मदतीला घेऊन. म्हणून तर ते स्टूल!

ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. पण तिसऱ्या शस्त्रक्रियेत सहा वर्षांच्या एका मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. जगभरातून आईबाप आपली निळी बाळं घेऊन बाल्टिमोरला यायला लागले.

या शस्त्रक्रियेवरच्या १९४५च्या शोधनिबंधात मात्र थॉमस यांचं नाव नव्हतं. पगार पुरत नसे, म्हणून संध्याकाळी ते ब्लेलॉक यांच्या पार्ट्यांमध्ये ग्लास भरायला उभे राहत. सकाळी ज्या तरुण डॉक्टरांना टाके शिकवले, त्यांचेच ग्लास. हे वाचताना आजही पोटात तुटतं. जॉन्स हॉपकिन्सनं १९७६ साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ते पासष्टीचे होते.

त्या शोधनिबंधावर दुसरं नाव होतं मुलांच्या हृदयविकारांच्या डॉक्टर हेलन टॉसिग यांचं. अशा मुलांवर इलाज व्हायला हवा, फुफ्फुसांकडे जास्त रक्त न्यायला हवं, हा आग्रह मुळात त्यांचा. ऐकू येणं कमी होत गेलेल्या या बाई मुलांच्या छातीवर तळहात ठेवून हृदयाचे ठोके जाणून घेत. तरुणपणी हार्वर्डमध्ये त्यांना वर्गात बसता आलं, पण तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तेव्हा बायकांना मिळत नसे.

फिलाडेल्फियात मात्र १८५०पासून बायकांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होतं. आपल्या आनंदीबाई जोशी तिथल्याच, १८८६च्या पदवीधर. त्यांना तिथवर नेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या गृहिणी. दातांच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना एका मासिकात त्यांनी गोपाळरावांचं पत्र वाचलं, आणि कधीही न पाहिलेल्या मुलीला पत्र धाडलं. पुढे १८८३ साली आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना घरी घेऊन जायला कार्पेंटरबाई आल्या होत्या.

पदवीनंतर वर्षभरातच आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या ठेवल्या आहेत. दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे, आणि आजूबाजूला कार्पेंटरांच्या घरची माणसं.