मावशी कुणाची?

[दृश्य: दादर पश्चिम, सकाळ. जुन्या इमारतीचा जिना. तिसऱ्या मजल्यावर उघडं दार, बाहेर चपलांचा ढीग.]

हे आमचं घर. दिवसभर दार उघडंच असतं, हे मला कधी जाणवलं नव्हतं. पोलंडहून मराठी शिकायला आलेली एक मुलगी तीन महिने आमच्याकडे राहायला होती. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "कुलूप बिघडलंय का?"

बाबांना 'पोलंड' एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला कसे राहिले होते, ते त्यांनी जेवण होईपर्यंत सांगितलं. कुलपाचं राहूनच गेलं.

तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. दिवसभरात दिसेल ते त्यात उतरवायचं आणि रात्री पानावर बसलं की आईला विचारायचं. ही फिल्म त्या वहीची आहे.

[दृश्य: वहीचं पान. मोठ्या, गोल अक्षरात 'येतो'.]

मी कामाला निघालो, "येतो" म्हणालो. ती उठून दाराशी आली, कोण येतंय ते बघायला.

"तू तर चाललास!"

"'जातो' म्हणू नये गं," आई म्हणाली.

"का?"

आई थांबली. "नाही म्हणत."

चार दिवसांनी आईनं देवापुढे नारळ वाढवला. वाढवला म्हणजे दोन झाले, म्हणून का, असा वहीत प्रश्न. खालचे वाणी रात्री म्हणाले, "दुकान वाढवतोय, उद्या या." तर हिला वाटलं, शेजारचा गाळाही घेतला.

फुटणं, बंद होणं, जाणं ही क्रियापदं आपण घरात घेत नाही. चोरट्या मालासारखी नाव बदलून आत घेतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तिला मात्र पान भरून लिहून घ्यावं लागलं. अर्थात, असं लिहून घेणारी ती पहिली नव्हे. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजानं कँडी बंधू आणि मराठी पंडितांना हाताशी धरून हेच केलं. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द ६०,०००च्या घरात गेले. आजही एखादा जुना शब्द अडला की आपण त्या साहेबाकडेच जातो.

[दृश्य: शनिवार. सिग्नलवर लिंबू-मिरची विकणारा मुलगा. टॅक्सीचा बंपर.]

आईचं उत्तर कायम "नाही म्हणत" किंवा "असंच असतं". बाबांचं तसं नाही. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण असतं, आणि ते बहुधा सकाळीच फोनवर आलेलं असतं. दारावर लिंबू-मिरची का? तर दोऱ्यातून रस हळूहळू हवेत मिसळतो आणि किडे येत नाहीत.

तिनं ते नीट उतरवून घेतलं. मग म्हणाली, "काका, पण टॅक्सीला ते बाहेर, खाली बांधतात. रस्त्यातल्या किड्यांसाठी?"

बाबा पाणी प्यायले.

मला वाटतं, ही खोड आपल्याला परक्यासमोर जास्त लागते. घरच्या माणसाला "असंच असतं" चालतं. पाहुणा आला की कारण पाहिजे, आणि तेही प्रयोगशाळेतलं. नजर लागते या भीतीनं बांधतो, एवढं म्हणायला काय हरकत आहे, कोण जाणे.

[दृश्य: लोकलचा लेडीज डबा. कुणी मटार सोलतंय, कुणी गजरा गुंफतंय.]

हे शूटिंग बहिणीचं. लेडीज डब्यात मला कोण उभं करणार? घरी परतताना लोकलमध्ये, पाहुणी बसते न बसते तोच एका अनोळखी बाईनं विचारलं, "कुठे उतरणार?" पाहुणी घाबरली. पत्ता कशाला हवाय हिला? बहिणीनं सांगून टाकलं, "दादर." बाई निवांत झाली. जागा बुक झाली, ना तिकीट, ना पावती. तेवढ्यात त्या बाईला मागून आणखी एकीनं विचारलं, "आणि तुम्ही?"

तिघींच्या बाकावर चौथीनं अर्ध्या मांडीवर कसं बसायचं, याची वहीत आकृती आहे. सुंदर आहे.

[दृश्य: स्वयंपाकघर. खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला एक कप. निळी फुलं, टवका उडालेला कान.]

आणि हे बावीस नंबरचं पान.

'मावशी म्हणजे आईची बहीण', हे ती वॉर्सामधूनच शिकून आली होती. आमच्याकडे सकाळी साडेनऊला मावशी येतात, भांडी घासतात, केर-लादी करतात. पहिले आठ दिवस तिला त्या खरोखर आईची बहीण वाटत होत्या. मग तिनं लिहिलं: 'मावशी पंचावन्न वर्षांच्या. भाचा तिशीचा. मावशी भाच्याला दादा म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मावशी जमिनीवर बसून चहा पितात. मावशींचा कप खिडकीत असतो, बाकीचे कपाटात.' शेवटी एकच प्रश्न: 'मावशी कुणाची?'

त्या रात्री आईनं "असंच असतं" म्हटलं नाही. बाबांकडेही शास्त्रीय कारण नव्हतं.

[दृश्य: काळा घोडा. लोखंडी सांगाड्याची पडीक इमारत, एस्प्लनेड मॅन्शन.]

इथे पूर्वी वॉटसन्स हॉटेल होतं. १८९६च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं लिहिलेलं आपण कौतुकानं सांगतो. पण त्याच मुक्कामात खोलीच्या दाराच्या काहीतरी किरकोळ कामावरून एका जर्मन माणसानं इथल्या नोकराला थोबाडीत मारलेलं त्यानं पाहिलं. नोकर निमूटपणे कामाला लागला. ट्वेनला त्या क्षणी मुंबई दिसलीच नाही. त्याला मिसुरीतलं लहानपण दिसलं, गुलामांना बसणारा मार दिसला, आणि तेव्हा ते आपल्याला नेहमीचंच वाटायचं हेही आठवलं.

ही गोष्ट मी आमच्या पाहुणीला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिच्या आजीकडे युक्रेनहून आलेली एक बाई साफसफाईला येते. चार वर्षं. "आम्ही तिला नावानंच हाक मारतो. पण ती चहा कशातून पिते, मला आठवत नाही. पिते की नाही, तेही."

[दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. ओट्यावर कपाटातला, सोनेरी काठाचा कप.]

दुसऱ्या दिवशी आईनं सेटमधला कप काढला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "माझा कुठाय? फुटला का?" खिडकीत हात घालून त्यांनी आपला कप घेतला, आईनं ओतलेला चहा त्यात ओतून घेतला आणि नेहमीच्या जागी खाली बसल्या. सोनेरी काठाचा कप घासायला वाढला तो वेगळाच.

मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसलो. विचारलं, "मावशी, हा कप वेगळा का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, आधी ते बंद करा."

[पडदा काळा.]

बंद केला. त्यानंतर त्या चांगल्या अर्धा तास बोलल्या.