पायाच्या नसेतून मूत्राशयाकडे

श्रोते हो, नमस्कार. लघवीची भावना होताच ती धरवत नाही, दिवसातून अनेकदा आणि रात्रीही उठावे लागते, क्वचित वाटेतच कपडे ओले होतात, अशी तक्रार घेऊन आमच्या किनारपट्टीवरील अनेक स्त्रिया दवाखान्यात येतात, पण त्या फार उशिरा येतात. आज मी या तक्रारीवरील एका उपचाराविषयी, म्हणजे नसेला सौम्य वीज देण्याविषयी बोलणार आहे.

हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकणाऱ्या एक बाई आपल्या सुनेबरोबर माझ्याकडे आल्या होत्या. लिलाव ऐन रंगात असताना त्यांना जागा सोडून जावे लागे, एस.टी.त त्या दाराजवळच बसत, आणि सकाळच्या चहानंतर बाजार आटोपेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. (एस.टी. स्थानकावर स्त्रियांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे शौचालय असणे हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे, असे माझे ठाम मत आहे.) लघवीतील जंतुसंसर्ग आणि साखर तपासली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम झाले, औषधही दिले, परंतु औषधाने तोंड कोरडे पडू लागले आणि शौचास कडक होऊ लागले, म्हणून त्यांनी ते सोडले. तेव्हा मी पायातील सुईचा उपचार सुचवला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, दुखणं ओटीपोटात नि सुई पायात, असं कसं?"

प्रश्न रास्त होता. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी टिबियल नस वर पाठीच्या कण्याकडे जाते, आणि तिचे काही धागे ज्या त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या, पातळीवरून येतात, तेथूनच मूत्राशयाच्या नसाही निघतात. घोट्याच्या वर साधारण तीन बोटांवर बारीक सुई घालून मंद वीज सोडली की तिचे संदेश त्या ठिकाणी पोहोचतात आणि मूत्राशयाची अवेळी होणारी आकुंचने शमू लागतात. पुन्हा सांगते, वीज मूत्राशयाला लावत नाहीत, पायाच्या नसेला लावतात. बाईंच्या पायाचा अंगठा आपोआप हलला, तळव्याला मुंग्या आल्या, आणि सुई योग्य जागी आहे हे त्यावरून कळले.

आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, असे १२ आठवडे हा उपचार चालतो. पहिले काही आठवडे काहीच फरक न दिसल्याने बाई खट्टू झाल्या होत्या, आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच रुग्ण उपचार सोडून देतात. सुनेने मात्र त्यांना दर आठवड्याला न चुकता आणले. मग एके दिवशी त्या सांगू लागल्या की पूर्ण लिलाव बसून पार पडला, आणि एस.टी.त खिडकीची जागा घेतली. गुण टिकावा म्हणून पुढे त्या महिन्यातून एकदा येत राहिल्या.

याने गुण आला नाही, तर त्रिकास्थीतील नसेजवळ बारीक तार बसवण्याचा मार्ग असतो. आधी तात्पुरती तार घालून पाहतात आणि तक्रार निम्म्याने तरी घटली, तरच त्वचेखाली यंत्र बसवतात. तानाघो आणि श्मिट या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी ही पद्धत विकसित केली आणि १९९७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती खर्चिक आहे आणि मोठ्या शहरातील रुग्णालयातच होते.

या उपचाराने बाहेर आलेले अंग वर जात नाही. खोकताना होणाऱ्या गळतीवरही व्यायाम आणि शस्त्रक्रिया हेच मुख्य मार्ग आहेत. हृदयाचा पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी सुईपूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. लघवीतून रक्त जात असेल, तर आधी त्याची तपासणी व्हायला हवी.

येण्यापूर्वी तीन दिवस किती पाणी प्यालात, किती वेळा लघवीला गेलात आणि किती वेळा धरवले नाही, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ते पान सोबत आणा.