थंडीतली त्वचा आणि वनस्पतींचा बुळबुळीत गर

नमस्कार श्रोतेहो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात, त्याच सुमारास द्राक्षबागांत पहाटेपासून राबणाऱ्या बायकांचे हात फुटू लागतात. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर केसाहूनही पातळ असतो आणि कोरडी हवा त्यातले पाणी सतत ओढून घेत असते.

भेंडी चिरताना जी तार सुटते, जवस उकळल्यावर पाण्याला जो दाटपणा येतो आणि कोरफडीच्या गरात जो बुळबुळीतपणा असतो, त्या सर्वांमागे शर्करेच्या लांबलचक साखळ्या असतात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि लेप सुकू लागला की एकमेकींवर आडव्यातिडव्या पसरून त्यांचा पारदर्शक पापुद्रा होतो. भाताची पेज हातावर वाळली की कातडी ताणल्यासारखी वाटते, तो अनुभव याच जातीचा आहे. क्रीम आणि सीरममध्ये गवारीच्या बियांचा डिंक घालतात, त्याचेही कार्य हेच.

ग्लिसरीनचे तसे नाही. १७७९ साली शील या रसायनशास्त्रज्ञाने ते ऑलिव्ह तेलापासून प्रथम वेगळे केले. आज खोबरेल किंवा पाम तेलापासूनही ते मिळते. त्याचा रेणू लहान असल्यामुळे त्याचा पापुद्रा होत नाही, ते केवळ पाणी ओढते, आणि हवा कोरडी असेल तर निर्भेळ ग्लिसरीन ते पाणी त्वचेच्या आतल्या थरांतूनच ओढू शकते. म्हणून ते ओलसर हातांवर, पाण्यात मिसळूनच लावावे, असे मी आग्रहाने सांगेन.

गराचा पापुद्रा बाष्पीभवन मंदावतो, पण तेलाइतके अडवत नाही, शिवाय हात धुताच तो विरघळून जातो. बागेत वारंवार हात ओले करणाऱ्यांनी, त्यामुळे, गर सुकण्याआधीच त्यावर तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा.

घरी उकळलेला जवसाचा गर फ्रिजमध्येही काही दिवसांतच नासतो. त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि फुटलेल्या त्वचेला ते फार घातक. विकतच्या क्रीममधल्या परिरक्षकांकडे, म्हणूनच, केवळ संशयाने पाहणे मला योग्य वाटत नाही. कोरफड वापरणाऱ्यांनी पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, सालीलगतचा पिवळा कडू चीक निथळू द्यावा, कारण त्याने त्वचेची आग होते, आणि मगच आतला पांढरट गर काढून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा.